थंडीत हिरवा लेझर मंदावतो आणि मुठीत धरला की उजळतो: हे कशामुळे होत असावे?

तारांगणवेडा (सातारा)

आम्ही सात-आठ जण दर अमावास्येच्या आसपास यवतेश्वरच्या घाटावर आकाशनिरीक्षणासाठी जातो. नवख्यांना तारे दाखवायला माझ्याकडे हिरव्या लेझरचा एक पेन आहे. डिसेंबरात गेलो तेव्हा रात्री नऊच्या सुमारास कृत्तिका आणि रोहिणी दाखवताना त्याची रेघ आभाळात लख्ख दिसत होती. मघा वर येईपर्यंत पठारावरचा वारा सुरू झाला, पेन हातातच गारठला आणि रेघ इतकी फिकट झाली की शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही ती दिसेना. सहज म्हणून पेन दोन-तीन मिनिटे मुठीत दाबून धरला, तर रेघ पुन्हा पहिल्यासारखी उजळली. पेन बोनेटवर ठेवला की पुन्हा मंद, मुठीत घेतला की पुन्हा तेज, असे त्या रात्री चार वेळा झाले.

माझ्याकडे लाल लेझरचाही एक पेन आहे. तो त्याच गारठ्यात, त्याच बोनेटवर पडून होता, पण त्याच्या तेजात डोळ्यांना जाणवेल असा कोणताच फरक पडला नाही. दोन्ही लेझरच आहेत, तर मग थंडी एकालाच का बाधावी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. गणित आले तरी चालेल.

घाटवाट (वाई)

याचे कारण सेल असणार. थंडीत सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते आणि हिरव्या पेनाला प्रवाह जास्त लागत असल्यामुळे त्याच्यावर परिणाम आधी दिसतो. यात फारसे गूढ काही नसावे, असे मला वाटते.

तारांगणवेडा (सातारा)

माझाही पहिला संशय सेलवरच गेला होता, म्हणून खिशात उबेत ठेवलेले नवे सेल गारठलेल्या पेनात घालून पाहिले. रेघ मंदच राहिली. उलट, गारठलेले जुने सेल तसेच ठेवून फक्त पेनाचे टोक, म्हणजे प्रकाश जिथून बाहेर पडतो तो भाग, बोटांत धरून गरम केला, तेव्हा रेघ उजळली. जे काही घडते ते टोकापाशीच घडते, एवढे माझ्या लक्षात आले आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

आपण टोक आणि सेल वेगवेगळे करून पाहिलेत हे फार चांगले केलेत, कारण उत्तर त्या टोकातच आहे. मी विश्रामबागेत राहतो आणि बरीच वर्षे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. एका विद्यार्थ्याने बिघडलेला असा पेन मला आणून दिला होता, तो मी भिंगाखाली उघडून पाहिला होता, त्यामुळे आतली रचना डोळ्यांसमोर आहे.

लाल पेनाची गोष्ट सरळ आहे. त्यात एक अर्धवाहक डायोड असतो, त्यातून प्रवाह गेला की लाल प्रकाशच बाहेर पडतो आणि पुढे एक भिंग तो सरळ रेषेत आणते. आपल्यासारख्या जुन्या घडणीच्या हिरव्या पेनात मात्र हिरवा प्रकाश देणारा डायोड नसतोच. त्यात आधी 808 नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश देणारा डायोड असतो. तो प्रकाश निओडिमियम मिसळलेल्या यट्रियम व्हॅनाडेटच्या एका चिमुकल्या स्फटिकात शिरतो, तिथे शोषला जातो, आणि त्या ऊर्जेवर तो स्फटिक स्वतः 1064 नॅनोमीटरचा लेझर प्रकाश देऊ लागतो. हाही अवरक्तच, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. त्याला खेटून केटीपी नावाचा, म्हणजे पोटॅशियम टिटॅनिल फॉस्फेटचा, दुसरा स्फटिक असतो. त्यातून जाताना 1064 चे काही अंशी 532 होते, आणि 532 नॅनोमीटर म्हणजेच आपल्याला दिसणारा हिरवा रंग. मी पाहिलेले दोन्ही स्फटिक मिळून ज्वारीच्या दाण्याएवढेही नव्हते.

1064 चे निम्मे 532. हा आकडा ‘जवळपास निम्मा’ नाही, नेमका निम्मा आहे. तरंगलांबी निम्मी झाली म्हणजे वारंवारता दुप्पट झाली. स्फटिकाने रंग गाळून घेतला असेही नाही, कारण आत शिरलेल्या प्रकाशात हिरवा मुळी नव्हताच.

हे पहिल्यांदा दिसले 1961 साली. त्याच्या आदल्या वर्षी, 1960 च्या मे महिन्यात, थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत माणकाच्या कांडीपासून पहिला लेझर चालवून दाखवला होता. मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसाच माणकाचा 694.3 नॅनोमीटरचा लाल झोत क्वार्ट्झच्या स्फटिकावर एकवटला आणि बाहेर पडलेल्या प्रकाशाचे रंग वेगळे करून छायाचित्र घेतले. लाल झोताच्या मोठ्या डागापासून दूर, 347 नॅनोमीटरच्या जागी, एक अगदी बारीक ठिपका उमटला होता. हा शोधनिबंध छापताना तो ठिपका कचरा समजून पुसला गेला, त्यामुळे छापील चित्रात बाण आहे आणि बाणाच्या टोकाशी काहीच नाही, असा किस्सा सगळे सांगतात. मी वर्गात हा किस्सा दरवर्षी सांगत असे आणि पुढच्या बाकावरचे विद्यार्थीसुद्धा त्या दिवशी जागे असत.

माणिकचमन (तासगाव)

सर, एक अडाणी प्रश्न विचारतो. रात्री बागेत आम्ही दोन बॅटऱ्या घेऊन फिरतो. दोन झोत एकमेकांना आडवे गेले तरी एकमेकांतून आरपार निघून जातात. तिथे नवा रंग तयार होत नाही. मग पेनाच्या आतच असे काय होते की प्रकाशाचे दोन भाग एकत्र येऊन तिसरेच काही जन्माला येते?

कृष्णाकाठ (सांगली)

हा प्रश्न अडाणी तर नाहीच, या विषयाचे दारच त्यातून उघडते. हवेत किंवा काचेत साधा प्रकाश शिरतो तेव्हा त्याचे विद्युतक्षेत्र अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांना मागे-पुढे हलवते. क्षेत्र दुप्पट केले की हालचाल दुप्पट होते, म्हणजे दोहोंचे नाते सरळ रेषेचे असते, आणि तोवर झोत झोताला ओळखत नाही. भर दुपारच्या उन्हाचे विद्युतक्षेत्र मीटरला 870 व्होल्टच्या आसपास भरते. अणूच्या आत इलेक्ट्रॉनला धरून ठेवणारे क्षेत्र मीटरला सुमारे 50,000 कोटी व्होल्ट असते. उन्हाने इलेक्ट्रॉन हलतो खरा, पण हत्तीच्या पाठीवर माशी बसावी तितकाच. एका ठिकाणी एकवटलेला लेझर या तराजूत बराच जड पडतो आणि इलेक्ट्रॉन असा ढकलला जातो की क्षेत्र आणि हालचाल यांची सरळ रेषा वाकू लागते. या वाकण्यालाच अरैखिक परिणाम म्हणतात आणि या शास्त्राला अरैखिक प्रकाशिकी.

खुंटीजवारी (मिरज)

चर्चा वाचताना मला आमच्या कामातली एक गोष्ट आठवली, ती इथे लागू पडते का ते जाणकारांनी सांगावे. आमच्याकडे पिढीजात तंबोरे बनतात. तंबोऱ्याची घोडी जोवर नुसती सपाट असते तोवर तार छेडली की आवाज येतो, पण तो मुका, बोथट असतो. मग कानसीने घोडीच्या माथ्याला अतिशय हलका बाक देतात, तार त्या बाकावर अलगद टेकेल अशी करतात आणि खाली सुताचा धागा, ज्याला आम्ही जीव म्हणतो, सरकवत सरकवत एका जागी आणून ठेवतात. जवारी खुलली की तीच तार, तोच ताण, तोच हात, तरीही एका षड्जातून वरचे किती तरी स्वर झुळझुळ बाहेर पडू लागतात. ते स्वर आम्ही तारेत घातलेले नसतात.

माझा प्रश्न असा, की एका रंगातून दुसरा रंग निघणे हे याच जातीचे आहे का?

कृष्णाकाठ (सांगली)

आपण याहून चांगले उदाहरण देऊ शकला नसता. सर सी. व्ही. रामन यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर अभ्यास केला होता. तार ज्या बिंदूपाशी छेडली, तिथे ज्यांचा स्थिरबिंदू, म्हणजे तार न हलणारी जागा, पडतो असे स्वर नियमाप्रमाणे ऐकूच येऊ नयेत; तंबोऱ्यात ते ठळक ऐकू येतात, असे त्यांनी दाखवले.

आता जवारीकडे नीट पाहा. तार खाली येते तेव्हा घोडीच्या बाकाला टेकते. वर जाते तेव्हा तिला अडवणारे काही नसते. खालची बाजू आणि वरची बाजू तारेसाठी सारखी नाही. ही एकांगी अडवणूकच नव्या स्वरांना जन्म देते. वारंवारता दुप्पट करणाऱ्या स्फटिकातही नेमकी हीच एकांगी रचना लागते. इलेक्ट्रॉनला एका दिशेने जाणे किंचित सोपे आणि उलट दिशेने किंचित अवघड असेल, तर त्याच्या हालचालीत क्षेत्राच्या वर्गाचा एक छोटा अंश मिसळतो. अकरावीत कोसाइनच्या वर्गाचे सूत्र आपण सगळे शिकलो आहोत: त्याचे विघटन केले की दुप्पट कोनाचा कोसाइन आपोआप बाहेर येतो. दुप्पट कोन म्हणजे दुप्पट वारंवारता. सूत्र तेच, फक्त इथे ते हिरवे दिसते.

डावे-उजवे तंतोतंत सारखे असलेल्या, म्हणजे मध्यबिंदूभोवती सममित असलेल्या स्फटिकात हा वर्गाचा अंश शून्य होतो. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या मिठाच्या खड्यात वारंवारता दुप्पट होत नाही, पण खडीसाखरेत होते. साखरेचा रेणूच डावा-उजवा एकसारखा नसल्यामुळे तिच्या स्फटिकाला तशी सममिती मिळूच शकत नाही. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात आपण ज्याच्या पोत्यांवर पोती रचतो, तो अरैखिक प्रकाशिकीला चालणारा पदार्थ आहे, हे मला दर वेळी गमतीचे वाटते. (अंधारात खडीसाखर अडकित्त्याने फोडली तर निळसर ठिणगी दिसते, पण ती वेगळी गोष्ट आहे, त्यावर हवा तर स्वतंत्र धागा काढू.)

घाटवाट (वाई)

सेलविषयीचे माझे मत मी मागे घेतो. मात्र आता वेगळीच शंका आली आहे. आमच्या गावी विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे, पारदर्शक खडे निघतात. त्यांतला कॅल्साइटचा एक तुकडा माझ्याकडे आहे. छापील कागदावर ठेवला की प्रत्येक अक्षर दोनदा दिसते. गारगोट्या तर माळावर पायाखाली येतात. यांतून अवरक्त लेझर सोडला तर हिरवा प्रकाश मिळेल का?

प्रकाशवेध (मूळचा कऱ्हाडचा)

मी एका प्रयोगशाळेत लेझरवर काम करतो आणि असे स्फटिक रोज हाताळतो, म्हणून या प्रश्नाचे उत्तर देतो. कॅल्साइट अक्षरे दोनदा दाखवतो, पण त्याची रचना सममित असल्यामुळे रंग दुप्पट करण्याच्या कामी तो येत नाही. गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, एकांगी आहे, म्हणून फ्रँकेन यांना तिच्यात तो ठिपका मिळाला; पण तिच्या अंगी दुसरा एक गुण जवळजवळ नाही, म्हणून तो ठिपका इतका क्षीण होता. गंमत म्हणजे तो दुसरा गुण कॅल्साइटकडे भरपूर आहे. तो आहे द्विअपवर्तन, आणि त्याची गरज का पडते ते समजण्यासाठी थोडा वळसा घ्यावा लागेल.

स्फटिकात 1064 ची लहर पुढे सरकत असते आणि वाटेतल्या प्रत्येक बिंदूवर ती 532 ची थोडी थोडी नवी लहर निर्माण करत जाते. वारीतली एक दिंडी डोळ्यांसमोर आणा. लोणंद, तरडगाव, फलटण असे मुक्काम घेत विणेकरी पुढे चालला आहे आणि वाटेतल्या प्रत्येक गावातून नवे टाळकरी दिंडीत येत आहेत. नवा टाळकरी ताल धरतो तो त्या क्षणी त्याच्या समोरून जाणाऱ्या विणेकऱ्याकडून. आधीचे टाळकरी विणेकऱ्याच्याच चालीने चालत असतील, तर नवे-जुने सगळे टाळ एकदम वाजतात आणि आवाज गावागणिक वाढत जातो. आधीचे टाळकरी थोडे मागे रेंगाळू लागले, तर त्यांचा टाळ आणि नव्यांचा टाळ चुकत जातो, आणि काही अंतरानंतर तर एकाचा टाळ वाजतो तेव्हा दुसऱ्याचा उघडलेला असतो. प्रकाशात असे झाले की दोन लहरी एकमेकींना पुसून टाकतात आणि आधी तयार झालेला हिरवा प्रकाश पुन्हा अवरक्तात परततो.

जवळपास प्रत्येक पारदर्शक पदार्थात हिरवा प्रकाश अवरक्तापेक्षा थोडा हळू चालतो, म्हणजे टाळकरी रेंगाळतातच. क्वार्ट्झमध्ये 1064 साठी अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती पटीने हळू चालतो तो आकडा) 1.534 आणि 532 साठी 1.547 आहे. फरक दिसायला किरकोळ आहे, पण त्यामुळे सुमारे 20 मायक्रोमीटरमध्येच, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी अंतरात, ताल पूर्ण उलटतो. त्यानंतर स्फटिक एक सेंटिमीटर जाड असो की दहा, हिरवा प्रकाश वाढत नाही.

यावरचा तोडगा 1962 साली जॉर्डमेन यांनी, आणि स्वतंत्रपणे मेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, दाखवून दिला. द्विअपवर्तनी स्फटिकात एकाच रंगाचा प्रकाश त्याच्या ध्रुवीकरणानुसार, म्हणजे लहर कोणत्या दिशेत डोलते त्यानुसार, दोन वेगांनी चालू शकतो; या दोहोंना ‘साधारण’ आणि ‘असाधारण’ किरण अशी नावे आहेत. केडीपी, म्हणजे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, या स्फटिकात 1064 चा साधारण किरण 1.494 या अपवर्तनांकाने जातो. 532 चा साधारण किरण 1.512 ला असतो, पण त्याचाच असाधारण किरण स्फटिकाच्या कोनानुसार 1.512 पासून 1.471 पर्यंत कुठेही आणता येतो. या दोन टोकांच्या मध्ये 1.494 येतेच. अक्षाशी सुमारे 41 अंशांचा कोन करून स्फटिक कापला की दोन्ही रंग एकाच चालीने चालतात. यालाच फेज मॅचिंग म्हणतात. प्रयोगशाळेत पहिल्यांदा हा कोन साधताना मी स्क्रू एका केसाएवढा फिरवत होतो. कागदावर काहीच नव्हते, पुढच्या क्षणी हिरवा डाग भगभगला, आणखी थोडे फिरवले की पुन्हा काळोख. त्या दिवशी दुपारचा डबा तसाच राहिला.

घाटवाट (वाई)

म्हणजे धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे समजायचे का? तापमानाने अपवर्तनांक बदलतो, थंडीत केटीपीतली ही जुळणी बिघडते, म्हणून हिरवा प्रकाश मंदावतो.

प्रकाशवेध (मूळचा कऱ्हाडचा)

तर्क बिनचूक आहे, पण या खटल्यात आरोपी चुकीचा पकडला आहे. काही स्फटिक खरोखर तापमानाला फार हळवे असतात. एलबीओ नावाचा स्फटिक 1064 साठी एका विशिष्ट दिशेने वापरायचा तर तो छोट्या भट्टीत सुमारे 149 अंश सेल्सियसला स्थिर ठेवावा लागतो. केटीपी मात्र सोशीक आहे आणि पेनातला तुकडा जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांबीचा असतो. यवतेश्वरच्या थंडीने त्याची जुळणी मोडणार नाही.

माझा संशय साखळीच्या पहिल्या कडीवर आहे. अर्धवाहक डायोड थंड झाला की त्याची तरंगलांबी अंशाला साधारण 0.3 नॅनोमीटरने घटते. पंचवीस अंशांवरून दहा अंशांवर आलात की 808 चे 804 च्या खाली जाते. व्हॅनाडेटचा स्फटिक 808 च्या आसपासच्या अरुंद पट्ट्यातला प्रकाशच भरभरून शोषतो. त्या पट्ट्याबाहेरचा प्रकाश बराचसा न शोषला जाता आरपार निघून जातो. व्हॅनाडेटला चारा मिळाला नाही की 1064 कमी आणि 1064 कमी झाले की 532 त्याहून कमी, कारण दुप्पट होण्याची क्रिया तीव्रतेच्या वर्गावर चालते: अवरक्त निम्मे झाले तर हिरवे ढोबळमानाने पाव होते. म्हणून हिरवी रेघ इतकी झटकन विझल्यासारखी वाटते. चांगल्या यंत्रांत डायोडचे तापमान राखण्याची सोय असते; पेनात ती सोय म्हणजे आपली मूठ.

पेनासारख्या दुबळ्या साधनात ही क्रिया मुळात साधते कशी, असे कुणी विचारण्याआधीच सांगतो. 1064 चा प्रकाश दोन स्फटिकांच्या बाहेरच्या पृष्ठभागांवरील आरशांसारख्या लेपांत कोंडलेला असतो आणि केटीपीतून पुन्हा पुन्हा ये-जा करतो. बाहेर पडणाऱ्या प्रकाशापेक्षा आत फिरणारा प्रकाश कितीतरी प्रखर असतो. पुढच्या लेपातून फक्त 532 ला वाट मिळते.

माणिकचमन (तासगाव)

वर केडीपीचे पूर्ण नाव वाचले आणि उठून शेडमध्ये जाऊन पोत्यावरचा मजकूर पाहून आलो. मोनो पोटॅशियम फॉस्फेट आणि पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ही एकाच पदार्थाची नावे आहेत ना? असतील, तर हे आमचे झिरो-बावन्न-चौतीस झाले. ठिबकमधून आणि फवारणीतून आम्ही हे द्राक्षबागेला वर्षानुवर्षे देतो आणि ते लेझरच्या कामाचे आहे हे आज कळते आहे.

आणखी एक सांगतो. गेल्या वर्षी पाण्यात मिसळून ठेवलेली अर्धी बादली तशीच राहिली होती. थंडीत तळाशी बोटाच्या पेराएवढे काचेसारखे खडे बसले होते. चार बाजूंचा खांब आणि टोकाला पिरॅमिड, पण खांब वर जाताना निमुळता होत गेलेला. मुलाने दोन खडे दप्तरात घालून नेले, बाकीचे पुन्हा पाण्यात विरघळवून बागेला दिले.

प्रकाशवेध (मूळचा कऱ्हाडचा)

होय, पदार्थ तोच. पोत्यावरचे 52 म्हणजे फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबातली आणि 34 म्हणजे पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबातली टक्केवारी. शुद्ध केडीपीचे गणित मांडले तर हेच आकडे येतात. आपण पाहिलेला आकारही केडीपीचाच आहे, आणि खांब निमुळता झाला यात तर आपल्या बादलीची पूर्ण कुंडली आहे. लोह किंवा ॲल्युमिनियमचे आयन द्रावणात अगदी सूक्ष्म प्रमाणात असले तरी ते खांबाच्या बाजूंना चिकटून बसतात, त्या बाजूंची वाढ अडते आणि स्फटिक निमुळता होतो. खतासाठी ही अशुद्धी किरकोळ आहे, स्फटिक वाढवणाऱ्याच्या मात्र डोक्याला ताप आहे.

पाण्यातून वाढवता येतो हाच केडीपीचा मोठा गुण. वीस अंशांना 100 मिलिलिटर पाण्यात तो सुमारे 22 ग्रॅम विरघळतो, गरम पाण्यात बराच जास्त. द्रावण सावकाश थंड करत गेले की बीजावर थर चढत जातात. भारतात इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात केडीपीचे स्फटिक वाढवण्याचे काम झाले आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतल्या महालेझरसाठी 300 किलोंहून जड केडीपी स्फटिक सुमारे दोन महिन्यांत वाढवले गेले. जुन्या पद्धतीने त्याला दोन-दोन वर्षे लागली असती. त्यांच्या सुमारे 40 सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चकत्या 192 झोतांच्या वाटेत बसवल्या आहेत आणि त्या 1053 नॅनोमीटरच्या अवरक्ताचे 351 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात रूपांतर करतात. 5 डिसेंबर 2022 रोजी तिथे 2.05 मेगाज्यूल लेझर ऊर्जेवर 3.15 मेगाज्यूल संलयन ऊर्जा मिळाली, तेव्हाही झोत याच चकत्यांतून गेले होते.

कृष्णाकाठ (सांगली)

मला यातली काळजीची बाजू मांडायची आहे. मिरवणुकांतल्या लेझरमुळे दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या बातम्या पश्चिम महाराष्ट्रात आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. तिथला धोका निदान दिसतो तरी. या पेनात न दिसणारा धोका आहे. 808 आणि 1064 चा उरलेला प्रकाश अडवण्यासाठी पुढे एक छोटी गाळणी बसवायची असते. स्वस्त पेनात पैसे वाचवायला तीच गाळली जाते. दृश्य प्रकाश डोळ्यांत गेला की पापणी पाव सेकंदात मिटते. अवरक्ताला डोळा ओळखतच नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने 2010 साली असा एक पेन तपासला होता. त्याचा हिरवा प्रकाश मंद होता म्हणून तो सदोष वाटला, आणि त्यातून 20 मिलिवॉटच्या आसपास अवरक्त बाहेर पडत असल्याचे आढळले.

धागाकर्त्यांनी हे घरी तपासून पाहावे. एका मोठ्या पुठ्ठ्याला मधोमध भोक पाडून पेन त्यातून समोरच्या सीडीवर सरळ रोखायचा. सीडीवरच्या रेघांमधले अंतर 1.6 मायक्रोमीटर असते, त्यामुळे ती रंग वेगळे करून पुठ्ठ्यावर परत फेकते. पुठ्ठ्याकडे डोळ्यांनी न पाहता मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहायचे; त्या कॅमेऱ्याला टीव्हीच्या रिमोटचा दिवा दिसतो याची आधी खात्री करून घ्यावी. सीडी आणि पुठ्ठा यांत 30 सेंटिमीटर अंतर ठेवले तर हिरवा ठिपका मध्यापासून साडेदहा सेंटिमीटरवर, 808 चा साडेसतरावर आणि 1064 चा पावणेसत्तावीसवर पडायला हवा. एक पेच मात्र लक्षात ठेवा: सीडी एकाच रंगाचे एकाहून अधिक ठिपके पाडते, आणि हिरव्याचा दुसऱ्या क्रमाचा, म्हणजे मध्यापासून दुसरा, ठिपकाही बरोबर पावणेसत्तावीसवरच पडतो. एकाची तरंगलांबी दुसऱ्याच्या नेमकी दुप्पट असल्यामुळे सीडी त्यांना वेगळे करूच शकत नाही.

तारांगणवेडा (सातारा)

सर्वांचे आभार. काल रात्री हा प्रयोग केला. माझ्या नव्या मोबाइलला रिमोटचा दिवा दिसला नाही, म्हणून आईचा जुना मोबाइल घेतला. पेन क्लिपने स्टँडला बांधला, घरातल्या सगळ्यांना दुसऱ्या खोलीत पाठवले आणि पुठ्ठा उंचीने डोळ्यांच्या बराच खाली ठेवला.

खोलीच्या तापमानाला साडेदहावर ठळक हिरवा ठिपका आणि पावणेसत्तावीसवर फिकट हिरवा ठिपका दिसला. साडेसतरावर, जिथे नुसत्या डोळ्यांना कोरा पुठ्ठा आहे, तिथे कॅमेऱ्यात एक जांभळट पांढरा ठिपका होता. म्हणजे माझ्या पेनात गाळणी नाही.

मग पेन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवला आणि बाहेर काढून लगेच तीच मांडणी केली. साडेदहावरचा हिरवा जेमतेम दिसत होता, पावणेसत्तावीसवरचा दिसेनासा झाला, आणि साडेसतरावरचा जांभळट ठिपका आधीपेक्षा स्पष्टपणे मोठा आणि प्रखर झाला होता. प्रकाशवेध यांनी म्हटल्याप्रमाणे डायोडचा प्रकाश व्हॅनाडेटला न पचता तसाच बाहेर येत होता. पाच-सहा मिनिटांत पेन खोलीच्या तापमानाला आला, तसा हिरवा चढत गेला आणि जांभळट उतरत गेला.

यवतेश्वरला रेघ फिकट झाल्यावर सेल संपले की काय हे पाहायला मी पेनाचे तोंड स्वतःकडे वळवून त्यात डोकावणार होतो. शेजारच्या मित्राने त्याच वेळी चहाचा कप पुढे केला म्हणून ते राहून गेले. पेनातले सेल काढून ठेवले आहेत. पुढच्या अमावास्येला तारे दाखवायला साधी लांब पल्ल्याची बॅटरी नेणार आहे.

माणिकचमन (तासगाव)

पुढच्या अमावास्येला मलाही यायचे आहे. येताना झिरो-बावन्न-चौतीसचे खडे घेऊन येईन. या वेळी पावसाचे पाणी गाळून, काचेच्या बरणीत, गोधडीत गुंडाळून सावकाश थंड करायला ठेवले आहेत. आजच्या चौथ्या दिवसापर्यंत तरी खांब सरळ वर चालला आहे.